जठराचा लिम्फोमा: म्हाताऱ्या माणसाचं निदान तुकड्यावर ठरतं

साठी ओलांडलेल्या माणसाच्या पित्ताच्या गोळ्या चालू आहेत, तरी भूक मेलीय, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन घसरलंय किंवा शौच डांबरासारखी काळी होतेय, तर सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका. जठराचं अस्तर तीत नीट दिसत नाही. दुर्बिणीनेच बघावं लागतं आणि अस्तराचे छोटे तुकडे काढून तपासावे लागतात (बायोप्सी). जठराचा लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सर, त्यातच सापडतो.

त्याआधी चालू औषधांची यादी डॉक्टरांना द्या. पित्ताच्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद नसेल तर एच. पायलोरी हा जठरातला जंतू असूनही तपासणीत न सापडण्याची शक्यता असते. मात्र रक्तस्राव असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर स्वतःच्या मनाने काहीही थांबवू नका. सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शनं किंवा कुठली अनोळखी पुडी घेतली असेल तर तेही लपवू नका. स्टेरॉइडने गाठ तात्पुरती वितळू शकते आणि मग तुकड्यात काही हाती लागत नाही.

खरी चूक इथेच होते. लिम्फोमा अस्तराच्या खालून पसरतो, त्यामुळे वरवरचे दोन तुकडे घेतले तर रिपोर्ट 'जुनाट सूज' असाच येतो. व्रणाच्या कडेचे आणि चांगल्या दिसणाऱ्या भागातलेही मिळून आठ-दहा तुकडे हवेत. ते सलाइनमध्ये नव्हे, १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्यांच्या दहापट द्रावणात ठेवायचे. मे महिन्यात नमुना लातूरहून दुसऱ्या गावच्या लॅबला जाणार असेल तर हे फारच जपायचं. डबीवर नाव, वय आणि तुकडा कुठला ते लिहिलेलं असावं.

साध्या स्लाइडवर लिम्फोमा आणि नेहमीचा जठराचा कॅन्सर यांत गल्लत होऊ शकते. मग उगाच जठर कापायची वेळ येते. म्हणून सीडी२०, सीडी३, सीडी५, सीडी१०, सायक्लिन डी१, सायटोकेरॅटिन आणि केआय-६७ हे मार्कर (पेशी कुठल्या जातीच्या ते दाखवणाऱ्या तुकड्यावरच्या चाचण्या) लावून घ्या. दुसरं मत घ्यायला छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबकडून मेणाचा ब्लॉकही (ज्यात तुकडा जपून ठेवलेला असतो) मागून घ्या.

निदान पक्कं झाल्यावर सीटी किंवा पेट स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या (एलडीएच, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी) करायच्या; केमोआधी हृदयाचा इको. माल्ट हा हळू वाढणारा प्रकार असेल आणि पायलोरी सापडला असेल, तर आधी त्या जंतूचं औषध देतात. तीन-सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करतात. गाठ पूर्ण जायला कधी वर्षही लागतं, तेवढ्यात केमोची घाई नको. मोठ्या पेशींच्या, झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारात मात्र थांबायला वेळ नसतो.