जिगसॉ पझल जुळवताना आणि फ्रेम करताना या चुका टाळा

हजार तुकड्यांचे जिगसॉ पझल जुळवायला आठवडे लागतात. पण ते बिघडते बहुधा शेवटचा तुकडा बसल्यानंतर, फ्रेम करण्याच्या घाईत. लंडनच्या जॉन स्पिल्सबरी यांनी 1760 च्या दशकात नकाशे लाकडी फळीवर चिकटवून त्यांचे तुकडे केले, तेव्हा ही अडचण एवढी नव्हती. आजची पझल्स मुख्यतः पुठ्ठ्याची असतात आणि पुठ्ठा ओलावा शोषून फुगतो. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ येथेच आहे.

जुळवण्यातली पहिली चूक म्हणजे थेट जेवणाच्या टेबलावर किंवा सतरंजीवर बसकण मांडणे. हजार तुकड्यांचे चित्र साधारण 70 बाय 50 सेंटिमीटरचे भरते. त्याहून चारही बाजूंनी थोडा मोठा हार्डबोर्ड खाली घेतला, तर पाहुणे आल्यावर ते उचलून बाजूला ठेवता येते. दुसरी चूक पिवळ्या दिव्याखाली तुकडे रंगांनुसार वेगळे करण्याची. आकाशाच्या निळ्या छटा त्या उजेडात एकसारख्या दिसतात, म्हणून रंगांची विभागणी दिवसा खिडकीजवळ करावी. तुकडा बसला तरी तो योग्य जागीच असेल असे नाही. शंका आल्यास जोडलेला भाग अलगद उचलून उजेडासमोर धरावा. सांध्यातून प्रकाशाची रेघ दिसली, तर तुकडा चुकीचा आहे.

आता गोंद. घरोघरी असलेला पांढरा फेव्हिकॉल चालतो, परंतु तो पाणी घालून पातळ करण्याची सवय घातक आहे, कारण ते पाणी सांध्यांतून आत शिरते आणि तुकड्यांच्या कडा फुगतात. पझलखाली बटर पेपर सरकवावा, मध्यभागी थोडा गोंद घेऊन जुन्या प्लास्टिक कार्डाने तो कडांकडे ओढत न्यावा आणि सांध्यांवर साचलेला गोंद ओला असतानाच पुसून घ्यावा. वाळल्यावर तो खरवडायला जाल, तर छापलेला कागदच निघून येईल.

एकाच बाजूला गोंद लावल्यास वाळताना तो थर आकसतो आणि चित्राच्या कडा वर उचलल्या जातात. असे झाल्यास घाबरू नये: चित्र पूर्ण वाळल्यावर दोन फळ्यांमध्ये धरून उलटावे, मागूनही तसाच पातळ थर द्यावा आणि तो वाळला की बटर पेपर घालून वरून सपाट फळी व पुस्तकांचे वजन ठेवावे.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे कूलर. एप्रिल-मे महिन्यांत कूलरच्या झोतासमोर ठेवलेला गोंद नीट वाळत नाही, दमट हवेत तो चिकटच राहतो. उलट कोरड्या खोलीत वेगाने फिरणाऱ्या पंख्याखाली तो एका बाजूने आधी वाळतो. माझ्या मते, या कामासाठी आपल्याकडे दिवाळी ते फेब्रुवारी हाच काळ सोयीचा.

फ्रेमचे माप खोक्यावर छापलेल्या आकड्यांवरून देऊ नये. गोंद वाळल्यावर चित्र स्वतः मोजावे आणि पावसाळ्यात पुठ्ठा पसरेल हे धरून प्रत्येक बाजूस दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवायला सांगावे. नेमक्या मापात कोंबलेले चित्र जुलैमध्ये मध्यभागी फुगते. काच चित्राला थेट टेकवणे ही त्याहून मोठी चूक आहे. पांढऱ्या गोंदातील पॉलिव्हिनाइल ॲसिटेट उष्णतेने मऊ पडते आणि परभणी-नांदेडचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो, तेव्हा चित्र काचेला चिकटू शकते. त्यामुळे कडेने माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, पट्टी घालून काच थोडी अंतरावर ठेवावी.

70 बाय 50 सेंटिमीटरची दोन मिलिमीटर जाड काच सुमारे पावणेदोन किलो भरते, तर तेवढेच ॲक्रिलिक (काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक) त्याच्या निम्म्याहून हलके असते. मात्र त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि धूळही बसते. फ्रेम कोणतीही असो, ती एका खिळ्यावर टांगू नये, दोन हुक वापरावेत. दुपारचे ऊन येणारी भिंत टाळावी, कारण छपाईचे रंग उन्हाने उडतात. भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल, तर मागच्या कोपऱ्यांना रबराचे छोटे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मधून हवा खेळती राहते.

फ्रेममधले चित्र आधीच फुगले असेल, तर वरून दाबून ते सपाट होत नाही. मागची पाठ उघडून ते बाहेर काढावे, कोरड्या दिवसांत काही काळ वजनाखाली ठेवावे आणि फ्रेमच्या आतली जागा थोडी वाढवून घेऊनच पुन्हा बसवावे.