ऑटोफॅजीची प्रथिने आणि पेशींची वाढ : प्रयोग कसा आखावा

बडोद्याच्या मराठी घरांतून महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवशास्त्र शिकायला जाणाऱ्या आणि प्रकल्पासाठी ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच खराब झालेले भाग पचवून पुन्हा वापरण्याची प्रक्रिया) निवडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे टिपण आहे. आपले प्रथिन कर्करोगाच्या गाठीच्या कोणत्या टप्प्यावर काम करते, हे आधी ठरवावे, कारण टप्पा बदलला की उत्तर उलटू शकते.

ऑटोफॅजी सुरू करण्यास मदत करणाऱ्या बेक्लिन-१ या प्रथिनाचे उदाहरण घ्या. १९९९ मध्ये एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींत ते वाढवल्यावर पेशींची वाढ मंदावली, आणि २००३ मध्ये या जनुकाची एकच प्रत असलेल्या उंदरांत आपोआप गाठी आल्या. उलट, केरास (KRAS) या पेशीवाढीशी संबंधित जनुकातील बदलामुळे उंदरांत झालेल्या फुप्फुसाच्या गाठींतून एटीजी-७ हे ऑटोफॅजीला आवश्यक प्रथिन काढले, तेव्हा सदोष मायटोकॉन्ड्रिया (पेशीतील ऊर्जा निर्माण करणारे घटक) साचले आणि गाठींची वाढ खुंटली. मानवी गाठींत बेक्लिन-१ ची प्रत हरवलेली दिसली तरी ती हरवल्यानेच गाठ झाली, असा निष्कर्ष लगेच काढू नये; हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर बीआरसीए-१ या स्तनकर्करोगाशी निगडित जनुकाच्या शेजारी असल्याने दोन्ही एकत्र गळालेली असू शकतात.

प्रथिन कमी करायचे असेल, तर किमान दोन वेगवेगळे एसआयआरएनए (ठरावीक जनुकापासून प्रथिन बनणे रोखणारे आरएनएचे छोटे तुकडे) वापरावेत आणि शक्य असल्यास तेच प्रथिन पुन्हा घालून परिणाम मागे फिरतो का, हे पाहावे. त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनांचे प्रमाण पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) एलसी३-२ या ऑटोफॅजीच्या खुणेच्या प्रथिनाचा बँड, म्हणजे पट्टा, गडद झाला, एवढ्यावरून ऑटोफॅजी वाढली असे म्हणता येत नाही, कारण लायसोसोममधील (पेशीच्या पचनपिशवीतील) विघटन थांबले तरीही तो गडदच होतो. म्हणून प्रत्येक नमुना बॅफिलोमायसिनसह (हे विघटन थांबवणाऱ्या औषधासह) आणि त्याशिवाय असा दोनदा लावावा आणि दोन बँडांतील फरक मोजावा. पी६२ हे ऑटोफॅजीत स्वतःही नष्ट होणारे प्रथिन सोबत तपासावे, मात्र त्याची निर्मितीही वाढू शकते, हे ध्यानात ठेवावे.

पेशींच्या वाढीसाठी केवळ एमटीटी चाचणीवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. ती पेशींची चयापचय क्रिया मोजते, आणि ऑटोफॅजी बिघडली की मायटोकॉन्ड्रियाही बिघडत असल्याने पेशींची संख्या तीच राहूनही आकडा घसरू शकतो. प्रत्यक्ष पेशी मोजाव्यात, नव्या डीएनएची निर्मिती ईडीयूने (नव्या डीएनएत शिरून त्याला खूण करणाऱ्या रसायनाने) पाहावी आणि पेशीमृत्यू स्वतंत्रपणे तपासावा. विभाजन मंदावणे आणि पेशी मरणे या वेगळ्या घटना आहेत. हेच सारे भरपूर पोषकद्रव्यांत आणि उपासमारीत, असे दोन्ही परिस्थितींत करावे.

शेवटी, काही एटीजी प्रथिने (ऑटोफॅजी घडवणारी प्रथिने) ऑटोफॅजीखेरीज इतर कामेही करतात. त्यामुळे एटीजी-५ सोबत यूएलके-१ किंवा एफआयपी२०० सारखे ऑटोफॅजीच्या वेगळ्या पायरीवरचे प्रथिन काढूनही तोच परिणाम दिसला, तरच त्याचे श्रेय ऑटोफॅजीला द्यावे.