लहान मुलांना घेऊन परदेशातलं शहर: चार दिवसांचा बेत कसा आखावा

दीड ते सात वर्षांची मुलं बरोबर असली की दिवसातले खरे फिरण्याचे तास चार-साडेचारच हाती लागतात. सकाळी नाश्त्यानंतर तीन, आणि दुपारची झोप झाल्यावर एक-दीड. बाकीचा दिवस भरवण्यात, शी-शूत, मोजे शोधण्यात आणि कबुतरांमागे धावणाऱ्या मुलाची वाट पाहण्यात जातो. हा हिशेब सुरुवातीलाच मान्य करा. सगळा बेत याच हिशेबावर उभा राहतो.

१. शहर निवडताना आधी घड्याळ बघा

वेळेच्या फरकाशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एका तासामागे एक दिवस लागतो. चार दिवसांसाठी सात तासांचा फरक असलेल्या शहरात गेलात, तर मुलांची झोप जुळेपर्यंत परतीचं विमान समोर येतं. छोट्या सहलीसाठी तीन तासांच्या आतला फरक बरा. तेवढ्या फरकात मुलांच्या झोपेची वेळ बदलण्याचा खटाटोपही करू नका. पश्चिमेकडे गेलात तर मुलं पहाटेच उठून बसतील. मग त्यांच्याबरोबर लवकर बाहेर पडा, संध्याकाळी लवकर झोपवा. पूर्वेकडे गेलात तर उलट: सकाळी उशीर होईल, पण रात्रीचे दिवे बघता येतील. सिंगापूरच्या गार्डन्स बाय द बेमधल्या उंच लोखंडी झाडांचा प्रकाश-संगीताचा खेळ रात्री पावणेआठला सुरू होतो, तो अशा मुलांना आरामात जमतो.

फरकाइतकंच दुसरं महत्त्वाचं म्हणजे शहराचा आटोपशीरपणा. कोपनहेगनमध्ये १८४३ साली सुरू झालेली तिवोली बाग मुख्य रेल्वे स्थानकाच्या समोरच आहे. व्हिएन्नात १७५२ सालापासूनचं शोनब्रुन प्राणिसंग्रहालय राजवाड्याच्या बागेतच आहे, त्यामुळे मोठ्यांचा राजवाडा आणि मुलांचे हत्ती एकाच फेरीत होतात. आणि एका सहलीत एकच शहर. दोन शहरं जोडण्याचा मोह मलाही झाला होता. त्यातला एक अख्खा दिवस सामान बांधण्यात आणि स्टेशनवर वाट पाहण्यात गेला.

२. कागदपत्रं

अनेक देशांत मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांपेक्षा कमी असते, म्हणून तारीख आजच उघडून बघा. बरेच देश प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. एकच पालक मुलाला नेत असेल तर दुसऱ्याचं लेखी संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा. मूल दोन वर्षांचं होण्याच्या बेतात असेल तर नीट लक्ष द्या. मांडीवरचं तिकीट दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी असतं, आणि वाढदिवस सहलीच्या मधेच येत असेल तर परतीला त्याची स्वतंत्र सीट घ्यावी लागते.

३. मुक्काम: इथे जास्त वेळ घालवा

दुपारी खोलीवर परत येता येईल अशीच जागा घ्या. माझ्या मते अख्ख्या सहलीतला सर्वांत मोठा निर्णय हाच आहे. शहराबाहेर स्वस्त आणि मोठी खोली मिळते, पण तिथून रोजचे चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन प्रवास थकलेल्या मुलाला पेलत नाहीत. दुपारची झोप चुकते आणि संध्याकाळी साध्या चमच्यावरून रडारड होते. पूर्वी आम्ही बाबागाडीतच झोपवू असं म्हणायचो. तिसऱ्या दिवसापर्यंत मूल आणि आम्ही दोघंही कोलमडायचो.

जागा नक्की करण्याआधी नकाशावर चार गोष्टी शोधा: दहा मिनिटांच्या चालीत खेळायची बाग, किराण्याचं दुकान, औषधाचं दुकान आणि लिफ्ट असलेलं मेट्रो स्टेशन. खोलीत छोटं स्वयंपाकघर असेल तर उत्तम, नाहीतर निदान फ्रीज आणि पाणी तापवायची किटली हवी. मुलं झोपल्यावर मोठ्यांना दिवा लावून बसता येईल असा कोपरा असावा. नाहीतर रात्री आठ वाजता सगळं कुटुंब अंधारात कुजबुजत बसतं.

लिफ्टची चौकशी खास करा. पॅरिसच्या मेट्रोत जुन्या मार्गांवर बहुतेक ठिकाणी जिनेच आहेत, पण विनाचालक चौदा नंबरच्या मार्गावर लिफ्ट आहेत. अशा शहरांत बस बरी पडते. खिडकीतून शहरही दिसतं. लंडनच्या बसमध्ये बाबागाडीसाठी मोकळी जागा असते, पण तिच्यावर पहिला हक्क चाकाच्या खुर्चीचा, म्हणून एका हाताने मिटणारी हलकी गाडीच न्या. भाड्याचे नियमही आधी बघून ठेवा: लंडनच्या भुयारी रेल्वेत तिकीट काढलेल्या मोठ्या माणसाबरोबर अकरा वर्षांखालची चार मुलं फुकट जातात. सिंगापूरच्या मेट्रोत खाण्यापिण्याला कायद्याने बंदी आहे, तेव्हा खाऊ फाटकाआधीच संपवा.

४. विमानात

उतरताना कान दुखतात, कारण केबिनमधला दाब वाढतो आणि मुलांची कानाची नळी अरुंद असते. गिळण्याने ती उघडते. विमान जमिनीला टेकण्याच्या अर्धा तास आधीपासूनच खाली येऊ लागतं, तेव्हाच बाळाला पाजा आणि मोठ्याला घोट घोट पाणी द्या. झोपलं असेल तर हळूच उठवा. हातसामानात द्रवांना अनेक ठिकाणी १०० मिलिलिटरची मर्यादा असते, पण बाळाचं दूध आणि पातळ अन्न प्रवासापुरतं बहुतेक विमानतळांवर नेऊ देतात. तपासणीच्या वेळी ते बाहेर काढून दाखवा. कपड्यांचा एक जास्तीचा जोड मुलासाठी आणि एक तुमच्यासाठीही. मूल ओकलं तर ते बहुधा तुमच्याच अंगावर.

५. दिवसाला एकच मोठी गोष्ट

मोठी गोष्ट सकाळी, दार उघडण्याच्या वेळेला. सुट्टीचे वार आधी तपासा: पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी. लूव्रमध्ये अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट असला तरी वेळ आधी आरक्षित करा.

संग्रहालयात तीन वस्तू ठरवून जा आणि मुलांना त्या शोधायला लावा. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये मुख्य दालनात २०१७ पासून निळ्या देवमाशाचा २५ मीटरचा सांगाडा छताला टांगलेला आहे. त्याच्याखाली मान वर करून उभं राहणं हीच तिथली पहिली वस्तू. प्रवेश फुकट आहे, त्यामुळे तासाभरात बाहेर पडलात तरी पैसे वाया गेल्याची रुखरुख राहत नाही. बाहेर पडलात की लगेच मोकळी जागा द्या, जिथे ओरडलं, धावलं, लोळलं तरी चालतं. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत तळ्यात सोडायला शिडाच्या लाकडी होड्या भाड्याने मिळतात आणि काठीने त्या ढकलण्यात मुलांचा तास सहज जातो. त्या तासात आईबाबांनी खुर्चीत बसावं. तोही सहलीचाच भाग आहे.

६. मूल हरवलं तर

याची तयारी घरीच, खेळातून करा. नियम एकच शिकवा: "आम्ही दिसलो नाही तर जागचं हलायचं नाही, आम्ही येतो." रोज सकाळी निघताना मुलांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढा. खिशात देशाच्या कोडसकट फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मेट्रोचं दार मधेच बंद झालं तर काय करायचं तेही आधी ठरवा: आत राहिलेल्याने मोठ्या माणसाला सांगून पुढच्या स्टेशनवर उतरून थांबायचं, आणि गाडीत शिरताना एक मोठा माणूस सगळ्यांच्या मागे. युरोपीय संघात आणीबाणीचा नंबर ११२, सिंगापूरमध्ये रुग्णवाहिकेसाठी ९९५, जपानमध्ये ११९. पोचल्यावर लगेच फोनमध्ये साठवा. थर्मामीटर, वजनानुसार मात्रा लिहिलेलं तापाचं औषध आणि क्षारसंजीवनीची पाकिटं हातसामानात हवीत.

७. शेवटचा दिवस मुलांना द्या

त्या दिवशी नवं काही ठेवू नका. कुठे परत जायचं ते त्यांनाच विचारा. कोपनहेगनमध्ये आमच्या धाकट्याने ना बाग मागितली ना जत्रेतले पाळणे. त्याला मेट्रो हवी होती, सगळ्यांत पुढची सीट, जिथे चालक नसतो आणि काचेतून बोगदा अंगावर येतो. २०१९ साली सुरू झालेली तिथली गोल मार्गिका १७ स्थानकं घेत २४ मिनिटांत एक फेरी पूर्ण करते. आम्ही दोन फेऱ्या केल्या. तिसरीसाठी तो हटून बसला, पण विमानाची वेळ झाली होती.