भाड्याने आणलेली डिस्क अडकली, तर या चुका टाळा

भाड्याने आणलेल्या चित्रपटाची डिस्क अडकू लागली, चित्राचे चौकोन पडू लागले, की बहुतेक घरांत ती ट्रेमधून काढून सदऱ्याच्या टोकाला गोल गोल घासली जाते. परभणीत डिस्क भाड्याने देण्याच्या दुकानाच्या गल्ल्यावर मी बरीच वर्षे बसलो आहे आणि उरलेला संग्रह आजही ओळखीच्या लोकांना नेऊ देतो. या अनुभवावरून मी खात्रीने सांगू शकतो की तक्रार घेऊन परत आलेल्या डिस्कपैकी बऱ्याचशा मुळात फक्त मळलेल्या असतात आणि त्यांचे खरे नुकसान घरगुती उपायांनी होते.

गोल घासणे ही त्यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. डिस्कवरची माहिती मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत कोरलेली असते. या रेषेचा लहानसा तुकडा वाचता आला नाही, तरी आजूबाजूच्या माहितीवरून तो भरून काढण्याची सोय डिस्कमध्येच असते. सीडीवर सुमारे अडीच मिलिमीटर आणि डीव्हीडीवर सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा सलग खंड अशा रीतीने सावरला जातो. मध्यापासून कडेकडे जाणारा सरळ चरा प्रत्येक फेऱ्याला केसाएवढ्या जागेतच छेदतो, म्हणून तो दिसायला मोठा असला तरी चित्रपट बहुधा सुरळीत चालतो. गोल घासल्याने पडणारा बारीक चरा मात्र रेषेच्या बाजूने धावतो आणि सेंटीमीटरच्या सेंटीमीटर माहिती झाकून टाकतो. त्यातच आपल्याकडे उन्हाळ्यात कापडावर, टीपॉयवर, टीव्हीवर सगळीकडे फुफाटा बसलेला असतो, आणि त्या धुळीसकट घासले की सदऱ्याचे मऊ कापडही चरे पाडते. माझी पद्धत साधी आहे. डिस्क आधी नळाच्या बारीक धारेखाली धरून धूळ वाहू द्यायची, तेलकट डाग असेल तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटाने हलकेच लावून धुवायचा, आणि मग अनेकदा धुतलेल्या जुन्या धोतराच्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ टिपत यायचे. कागदी लेबल चिकटवलेली डिस्क मात्र पाण्याखाली धरू नये. ती ओलसर कापडानेच पुसावी.

दुसरी चूक टूथपेस्टची. हा उपाय कोणी तरी कोणाला तरी सांगितलेला असतो आणि ऐकणारा घरी जाऊन लगेच करून पाहतो. जिंतूर रस्त्याकडे राहणारे एक शिक्षक आमच्याकडून नियमाने चित्रपट नेत असत. एकदा त्यांची डीव्हीडी मध्यंतराच्या आसपास थांबली. त्यांनी पूर्ण संध्याकाळ खर्च करून ती टूथपेस्टने घासली आणि दुसऱ्या दिवशी आणून देताना मोठ्या समाधानाने म्हणाले, “भाऊ, चांगली घासूनपुसून आणली आहे, तरी मशीन आता ‘नो डिस्क’ म्हणतंय.” मी ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. मधल्या छिद्राभोवतीचा पट्टा दुधी काचेसारखा धुरकट झाला होता, आणि अगदी बाहेरच्या कडेला हळदीच्या तेलाचा अंगठ्याचा पिवळा ठसा जसाच्या तसा होता. डिस्क आत गेली की प्लेअर सर्वांत आधी मध्याजवळचा भाग वाचतो आणि त्यावरून ही कोणती डिस्क आहे हे ओळखतो. तोच भाग घासला गेल्याने ती ओळखलीच जात नव्हती. ती डीव्हीडी दोन थरांची होती. अशा डिस्कमध्ये पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि चित्रपटाच्या मध्यावर बाहेरच्या बाजूलाच थर बदलून दुसरा थर उलट, बाहेरून आत वाचला जातो. मध्यंतराजवळ अडकण्याचे कारण तो अंगठ्याचा ठसा होता आणि साबणाच्या एका थेंबाने तो गेलाही, पण डिस्क गेली ती गेलीच. पॉलिशच्या यंत्रावरही ती सावरली नाही.

म्हणून चित्रपट कोठे अडकला हे घड्याळात पाहून ठेवणे मला कोणत्याही उपायापेक्षा मोलाचे वाटते. सुरुवातीलाच अडकत असेल तर मध्याजवळ पाहावे. व्हीसीडी, म्हणजे चित्रपटाची सीडी, शेवटाकडे अडकत असेल तर कडेकडे पाहावे. दोन मिनिटे थांबून डिस्क उजेडात धरण्याचा धीर ज्यांना नसतो, तेच लोक थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर असे काहीही लावतात. त्यांपैकी अनेक द्रावक डिस्कचे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक विरघळवतात किंवा त्याला भेगा पाडतात. टूथपेस्ट कधी कधी लागू पडते हे मला मान्य आहे, परंतु ती वरचा थर खरवडते आणि दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूवर तो प्रयोग करण्याचा अधिकार भाडेकऱ्याला नाही. ब्लू-रेवर तर तो करूच नये, कारण तिच्या माहितीवरचे आवरण अवघे ०.१ मिलिमीटर असते.

लेबलची बाजू सुरक्षित आहे असे समजून डिस्क उताणी ठेवणे हीदेखील चूक आहे. सीडी आणि व्हीसीडीत माहितीचा चकचकीत थर लेबलच्या अगदी खाली, पातळ लाखेच्या आवरणाआड असतो. तेथे टोकदार पेनाने नाव लिहिले तर तो थरच फाटतो आणि त्यावर इलाज नाही. डिस्क दिव्यासमोर धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर ती भाड्याने घेऊच नये. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने ती याबाबतीत बरी.

एकच डिस्क अडकते की सगळ्याच अडकतात, हे तपासल्याशिवाय दुकानदाराशी भांडू नये. सगळ्याच अडकत असतील तर बहुधा मशीनची, डिस्क वाचणारी लेन्स मळलेली असते.

व्हीसीडीचा पहिला भाग, म्हणजे पहिली डिस्क, चालला म्हणून दुसरा न तपासता नेऊ नये.

मानवत-पाथरीकडून मोटारसायकलवर येणाऱ्यांनी मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात डिस्क डिकीत ठेवून चहाला बसू नये. ती वाकली की लेन्सला नेम धरता येत नाही आणि घरी ती सरळ होत नाही. घरगुती कॉपी केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर तर उन्हाने आपोआप खराब होतो.

भारनियमनाच्या काळात वीज गेली आणि डिस्क आत राहिली, की परत करण्याची वेळ टळू नये म्हणून स्क्रू ड्रायव्हरने ट्रे उचकटणारे मी पुष्कळ पाहिले. त्यात ट्रेचे दाते तुटत आणि डिस्कलाही खोल चरा पडत असे. अशा वेळी दुकानदाराला फोन करून सांगावे. वीज कधी येते आणि कधी जाते हे त्यालाही माहीत असते. मधल्या छिद्रापाशी भेग दिसत असेल तर ती डिस्क मशीनमध्ये घालू नये, विशेषतः संगणकाच्या ड्राइव्हमध्ये, कारण तेथे ती फार वेगाने फिरते आणि फुटून तिचे तुकडे होऊ शकतात.

काहीही न सांगता खराब डिस्क गुपचूप परत करणे मला या सगळ्यांहून अधिक खटकते. अनामत रक्कम कापली जाईल या भीतीने लोक गप्प राहतात, डिस्क फळीवर जाते आणि पुढच्या घरातली रविवारची दुपार वाया जाते. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना मिळू लागली, तेव्हापासून ही बेफिकिरी वाढली, पण जुन्या चित्रपटांच्या कित्येक डिस्क आज पुन्हा विकत मिळत नाहीत. परत करताना डबीत चिठ्ठी ठेवावी: कोणती डिस्क, कितव्या मिनिटाला अडकली, आपण ती पुसली की नाही. दुकानदारानेही चिठ्ठी आणणाऱ्याची अनामत कापू नये, कारण एकदा कापली की पुढची चिठ्ठी येत नाही. आणि नोंद झालेली डिस्क धुऊन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः चालवून पाहिल्याशिवाय ती दुसऱ्या ग्राहकाच्या हातात देऊ नये.