जास्वंदीचा नुसता लाल डाग यायचा, मग काय केलं

नवा कॅमेरा घेतला तो आगरातली फुलं काढायला. घर गुहागरला, मागल्या दारी नारळ-पोफळी आणि त्याखाली जास्वंद, अनंत, अबोली. पहिले आठ दिवस नुसता वैताग, जास्वंदीचा फोटो म्हणजे पाकळीबिकळी काही नाही फक्त लाल डाग, आणि पांढराशुभ्र अनंत मात्र राखेत लोळवल्यासारखा. मला वाटलं पीसच खराब आलाय, आई म्हणाली फोनच बरा होता.

मग कळलं, कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून उजेड मोजतं, म्हणून फ्रेमभर पांढरं फूल असलं की फोटो काळवंडतो. प्लस-मायनसचं बटण असतं ना, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, ते अनंताला +१ केलं, जास्वंदीला -१, कारण तिथं लाल रंगच जास्त उजेडानं भरून जायचा, आणि हिस्टोग्राममध्ये (फोटोत कुठला उजेड किती ते दाखवणारा आलेख) लाल रंगाचा वेगळा आलेख लावला, तो उजव्या कडेला आपटला की अजून कमी करायचं. पाकळीवरच्या शिरा दिसायला लागल्या!

खाऱ्या वाऱ्यानं फूल हलतंच, तिथं शटर १/५०० सेकंद ठेवतो, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) वाढला तर वाढू दे. आणि एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, पुसत बसू नका, मी बॅग बंदच ठेवून अर्धा तास पडवीत ठेवतो, तेवढ्यात चहा होतो. अबोलीचा केशरी अजून मनासारखा येत नाहीये, व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग, ऑटोवरून काढून सावलीवर टाकलाय, बघू.