१४,५८,५४५चे अवयव पाडताना या चुका टाळा

२०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली. फोंड्याला माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांना अवयव पाडायला मी हाच आकडा देते. तो दिसतो साधा, पण घाई करणाऱ्याला हमखास अडवतो.

शेवटी ५ आहे, म्हणून ५ने भाग सगळेच देतात. उरतात २,९१,७०९. अंकांची बेरीज २८, म्हणजे ३ने जात नाही. ७ने भागलं तर बाकी ५. इथे निम्मी वही 'मूळ संख्या' लिहून बंद होते. ११ची कसोटी कुणी लावतच नाही.

ती मूळ आकड्यालाच लावून बघा. एककापासून एकाआड एक अंक घेतले की ५+५+५+१ = १६, मधले ४+८+४ = १६. वजाबाकी शून्य. "बाई, शून्य आलं, म्हणजे भाग जात नाही ना?" असं एका मुलीने विचारलं होतं. उलट आहे, बाळा. शून्य आलं की भाग पूर्ण जातो.

माझी सगळ्यात आवडती चूक मात्र पुढची. उत्तर गोव्याची लोकसंख्या ८,१८,००८ आणि दक्षिण गोव्याची ६,४०,५३७. दोन्हींना ११ने भाग जात नाही, मग बेरजेला कसा जाईल, असं मुलं ठामपणे म्हणतात. कसोटी लावली की उत्तरेत ९ आणि १६ येतात, दक्षिणेत १६ आणि ९! मोठ्यातून लहान वजा केलं तर दोन्हीकडे ७, बेरीज १४, आणि सगळं बिघडतं. नुसतं भाग जातो का एवढंच बघायचं असेल तर तसं चालतं. बाकी हवी असेल तर एककाकडच्या बेरजेतूनच दुसरी वजा करायची. उत्तरेत -७, त्यात ११ मिळवले की बाकी ४. दक्षिणेत ७. चार नि सात अकरा. दोन जिल्ह्यांच्या बाक्या एकमेकींना पुरी करतात. हे फळ्यावर मांडताना मला अजूनही तितकाच आनंद होतो.

आता २,९१,७०९ला ११ने भागलं की २६,५१९ उरले. ७, ११, १३, १७, १९ सगळे हुकतात आणि मुलं कंटाळून थांबतात. थांबू नका: १६२चा वर्ग २६,२४४ आणि १६३चा २६,५६९, म्हणजे १६२पर्यंतच्या मूळ संख्या तपासायला हव्यात. पुढच्याच पायरीला २३ने भाग जातो, उरतात १,१५३. इथे उलटी चूक होते, शंभरापुढेही भागाकार चालूच राहतात. ३४चा वर्ग १,१५६, म्हणून ३१पर्यंत बघितलं की पुरे. १,१५३ मूळ संख्या आहे.

कॅल्क्युलेटरवर ताळा करताना स्वल्पविराम बघून गोंधळू नका. १,४५८,५४५ आणि १४,५८,५४५ एकच.

शेवटी विभाजक किती विचारलं की '४' असं उत्तर येतं. ५, ११, २३, १,१५३ हे मूळ अवयव झाले. यातला प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणजे २×२×२×२. चारही सोडले तर १, चारही घेतले तर पूर्ण गोवा. मधले ५५, ११५, २५३ वगैरे धरून विभाजक १६.