दुसऱ्या कॉम्प्युटरची स्क्रीन इकडे उघडत नाही? या चुका टाळा

राजेहो, दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, "भाऊ, लॉगिन होते पण विंडो काही उघडून नाही राह्यली." आणि विचारत गेलं की चूक तीच निघते.

एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायचं साधन, आणि एक्स म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणारी व्यवस्था. एसएसएचनं एक्स फॉरवर्डिंग (तिकडची विंडो इकडे आणणं) चालू करून जोडलं की विंडो कुठं उघडायची हे सांगणारं डिस्प्ले व्हेरिएबल ते स्वतः भरते, बहुतेक लोकलहोस्ट १०.० असं. त्याला हात लावायचाच नाही. ऐन कापसाच्या सीझनात आर्वीकडच्या एका जिनिंगमधून फोन आला, काट्याचा प्रोग्राम लिनक्सच्या मशीनवर, ऑफिसातल्या नव्या लॅपटॉपवर विंडो पाहिजे आणि येते फक्त 'कॅनॉट ओपन डिस्प्ले'. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. तिथल्या पोट्ट्यानं तोवर फायरवॉल बंद केली होती, एक्सहोस्ट प्लस (स्क्रीन कोणालाही खुली करणारी कमांड) मारलं होतं, अर्धं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं होतं, पण व्हेरिएबलमध्ये आहे काय हे एकदाही पाह्यलं नव्हतं. मी पाह्यलं तर १९२.१६८.१.१४ हा नेटवर्कवरचा पत्ता, पुढे कोलन शून्य. कुठल्या तरी जुन्या नोट्समधून उचललेली व्हेरिएबल भरणारी एक्स्पोर्टची ओळ बॅशआरसीमध्ये, म्हणजे लॉगिन करताना चालणाऱ्या फाइलीत, पडून होती, एसएसएचनं भरलेलं नाव दर लॉगिनला पुसत होती, आणि आजकालचे एक्स सर्व्हर नेटवर्कवरून थेट ६००० पोर्ट ऐकतच नाहीत. ओळ काढली, बाहेर पडून परत लॉगिन केलं, काटा उघडला.

एक्सहोस्ट प्लसचा मला खरंच राग येतो. तुमचा एक्स नेटवर्कवर ऐकत असला तर त्या वायफायवरचा कोणीही तुमची स्क्रीन पाहू शकते, पासवर्ड टाइप करताना बटणंसुद्धा. घाई आहे म्हणून घराचं दार काढून ठेवते का कोणी? माझी सवय अशी, आधी एक्सक्लॉक हा छोटा घड्याळाचा प्रोग्राम चालवतो. घड्याळ दिसलं तर रस्ता मोकळा आहे, दोष प्रोग्रामात शोधा. नाही दिसलं तर पलीकडे एक्सऑथ (स्क्रीनच्या परवानगीची किल्ली सांभाळणारा प्रोग्राम) टाकलेलं आहे का आणि एसएसएचडीच्या, म्हणजे तिकडच्या एसएसएच सर्व्हरच्या, सेटिंगमध्ये एक्स ११ फॉरवर्डिंग यस आहे का, एवढंच पाहा.

दुसरं आपल्याकडचं खास दुखणं, लाइन जाते. आली की राउटर नव्यानं चालू होते, मशीनला कधी कधी दुसराच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देते आणि लोक कालच्याच आयपीवर तासभर डोकं फोडतात. राउटरमध्ये त्या मशीनचा आयपी रिझर्व्ह करून टाका, आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग) लाइन आली की मशीन आपोआप सुरू होईल असं ठेवा, नाही तर शेतातून उठून बटण दाबायला जावं लागते.

विंडोज होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही, प्रो लागते. होमवरून दुसरीकडे जोडता येते, तेवढंच.

व्हीएनसीत (पूर्ण डेस्कटॉप दुरून दाखवणारं साधन) डिस्प्ले १ म्हणजे पोर्ट ५९०१, ५९०० नाही.

व्हीएनसीत नुसती करडी स्क्रीन आली तर त्याची एक्सस्टार्टअप फाइल उघडा, त्यात बहुतेक वेळा डेस्कटॉप सुरू करायची ओळच नसते.

सिमच्या नेटवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून आतल्या मशीनपर्यंत वाट देणं) करत बसू नका, तिथं बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपीच (बाहेरून पोचता येईल असा पत्ता) मिळत नाही, व्हीपीएन (दोन्ही मशीन जोडणारं खाजगी नेटवर्क) लावा.